पहिलं ‘नको’ आणि माझी प्रश्नावली

लोकांना प्रश्न विचारण्यात माझं आयुष्य गेलं असं सांगितलं, की समोरच्याला वाटतं, बाई पोलिसात होत्या किंवा शाळेत. खरं म्हणजे मी प्रश्न फारसे विचारलेसुद्धा नाहीत. मी ते फक्त लिहून द्यायचे. विचारायला उन्हातान्हात दुसरेच हिंडायचे. भोपाळमधल्या एका संशोधन संस्थेत मी नोकरी केली. एखाद्या खात्याला किंवा अभ्यासकाला लोकांकडून काही जाणून घ्यायचं असलं, की ते कोणत्या शब्दांत विचारायचं हे मी ठरवायचे. या कामाचा पगार मिळतो हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. “नळाला पाणी येतं का, एवढं विचारायला एम.ए. कशाला लागतं गं?” असं त्या म्हणायच्या.

आमचे हे कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी तपासून पाठवलेली यंत्रं अजून कुठे कुठे फिरताहेत म्हणे. मी तपासून पाठवलेले प्रश्न कुठल्या तरी कपाटात निवांत पडले असणार. अवधपुरीतल्या आमच्या घरात या फरकाची आठवण रोज करून दिली जाते. मी चहा देऊन “साखर बरोबर आहे ना?” असं विचारलं, की हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, “अतिशय बरोबर, बऱ्यापैकी बरोबर, की सांगता येत नाही? कुठे टिक करू?” लग्नाला एवढी वर्षं झाली, पण विनोद तोच आहे.

आता धंद्याचं थोडं सांगते. खराब कुलूप उघडत नाही, त्यामुळे ते खराब आहे हे लगेच कळतं. प्रश्नाचं तसं नसतं. प्रश्न कितीही खराब असो, लोक बिचारे उत्तर देतातच. मग त्या उत्तरांचे तक्ते होतात, तक्त्यांचा अहवाल होतो, आणि अहवालावर साहेबांची सही होते. घोटाळा कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझा पहिलावहिला प्रश्न असा होता: ‘गावातली शाळा आणि शिक्षक तुम्हाला पसंत आहेत का?’ मला तो फार आवडला होता. चाचणीसाठी मी स्वतः रायसेन रोडच्या पुढच्या एका गावात गेले. खाटेवर बसलेल्या एका गृहस्थांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मैडम, स्कूल तो बढ़िया है. मास्टर आता नहीं. अब बोलो, हाँ लिखोगी कि ना?” मी म्हटलं, दोन्ही लिहिते. पण चौकट एकच होती, आणि ती मीच आखली होती. त्या दिवशी मला कळलं, की एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी. हे पुस्तकातही होतं, पण पुस्तक मी परीक्षेपुरतंच वाचलं होतं.

पुढे एका वस्तीत ‘जेवणाआधी साबणाने हात धुता का?’ असं विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं. इतकी स्वच्छ वस्ती बघून आम्ही खूष, साहेब खूष. मग मलाच शंका आली आणि मी प्रश्न बदलला: ‘साबण कुठे ठेवता, दाखवाल का?’ पहिल्याच घरातल्या बाई आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मागच्या दाराने शेजारणीकडे जाऊन त्यांनी साबण मागून आणला होता. त्याचा कागदही फाडलेला नव्हता. शेजारणीकडे गेलो तेव्हा तिने तोच साबण परत मागून आणून दाखवला.

कोलार रोडच्या एका कॉलनीत पाण्याबद्दल विचारायचं होतं. अतिशय समाधानी, समाधानी, असमाधानी वगैरे पायऱ्या मी मोठ्या कौतुकाने लिहिल्या होत्या. संस्थेतर्फे प्रश्न विचारत फिरणाऱ्या मुलीने नागपूरकडच्या एका काकूंना विचारलं, “आप कितनी संतुष्ट हैं?” काकू मराठीवर आल्या. “समाधानी? बाप्पा! लग्न झाल्यापासून मी समाधानी नाही हो बाई. तुम्ही टँकरचं विचारून राहिल्या ना? तो येते दिवसाआड.” ते वाक्य कुठल्याच पायरीत बसेना. आम्ही ‘असमाधानी’ लिहिलं, आणि त्याचा दोष पाणीखात्याच्या माथी गेला.

असे फटके खात खात मी काही नियम तयार केले. त्यातला एक तर मी प्रश्न विचारायला जाणाऱ्या मुलामुलींकडून घोकून घ्यायचे. प्रश्न एकदाच विचारायचा. चेहरा कोरा ठेवायचा. उत्तर मिळालं की लिहायचं आणि पुढे जायचं. “बघा हं”, “नक्की ना?”, “असं कसं?” असलं काही म्हणायचं नाही. कारण आपण जरा जोर लावला, की समोरचा आपल्याला खूष करायला आपल्या मनासारखं बोलतो. हा नियम मी इतक्या जणांना शिकवला, की ऑफिसात मला मागून ‘एकबार मैडम’ म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं.

निवृत्तीनंतर हे सगळं बासनात गेलं होतं. मग आमच्या मराठी मंडळाने ते बाहेर काढायला लावलं.

झालं असं, की मंडळाच्या एका सधन सभासदाने आईच्या आठवणीसाठी काहीतरी करायचं ठरवलं. अवधपुरी आणि आनंद नगरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची संख्या बरीच आहे. मुलं पुण्याला, बंगलोरला, नाहीतर परदेशात. अशांसाठी मंडळाच्या मागच्या खोलीत स्वयंपाकघर सुरू करायचं, दोन बायका कामाला ठेवायच्या आणि रोज घरपोच डबा द्यायचा. ज्याने त्याने आपल्या डब्याचा खर्च द्यायचा, म्हणजे कुणाला मिंधं वाटायला नको. त्या गृहस्थांची अट एकच होती: लोकांना हे खरंच हवंय असं दिसलं पाहिजे. नाहीतर त्याऐवजी ते सभागृहाला एसी बसवून देणार होते. मंडळातल्या निम्म्या लोकांचा जीव एसीत होता, हे सांगायला नकोच.

आमचे अध्यक्ष दाणीसाहेब नागपूरचे. त्यांनी बैठकीत जाहीर केलं, “सर्व्हे करून टाकू. शैलावहिनी आहेत ना घरच्याच.” मी आधी आढेवेढे घेतले आणि मग घरी येऊन उड्या मारतच कामाला लागले.

खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. बापटकाका. कारखान्यात ते यांचे पहिले साहेब. आम्ही लग्न करून भोपाळला आलो तेव्हा आनंद नगरात त्यांच्याच शेजारी राहायचो. गेल्या वर्षी बापटकाकू गेल्या आणि काका एकटे पडले. मुलगा परदेशात, तो रोज फोन करतो, पण फोनवरून पोळी लाटता येत नाही. काकांना चहापलीकडे काही करता येत नाही. वर्षभरात त्यांचे शर्ट असे झाले होते, जणू थोरल्या भावाचे घातलेत. विचारलं की म्हणायचे, “उत्तम आहे. वजन कमी करायला डॉक्टरनेच सांगितलंय.” कुठल्या डॉक्टरने ते सांगत नसत. डबा सुरू झाला नाही तर हा माणूस हळूहळू संपणार, हे मला दिसत होतं.

तर मी प्रश्न लिहिला: ‘आपल्याला रोज घरपोच जेवणाच्या डब्याची गरज आहे का? आहे, नाही, सांगता येत नाही.’ किती स्वच्छ प्रश्न! एकच गोष्ट, कुठे कल नाही, कुठे दबाव नाही. मी तो यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, “वा.” त्या ‘वा’चा अर्थ मी विचारायला हवा होता.

विचारायला आमच्या शेजारची सून मुग्धा तयार झाली. ती घरून कंपनीचं काम करते, हुशार आहे, आणि तिचं मराठी मध्येच वळण घेऊन हिंदीत जातं. मी तिला दोन दुपारी बसवून शिकवलं. एकदाच विचारायचं, चेहरा कोरा, पुढे जायचं. मुग्धा म्हणाली, “समझ गई शैलाकाकू. एकदम रोबोट.”

मुग्धा मोबाइल घेऊन घरोघर फिरून आली आणि माझ्यासमोर उत्तरं उघडली. नाही. नाही. नाही. एका आजींनी ‘सांगता येत नाही’ म्हटलं होतं, पण त्यांना ऐकूच आलं नव्हतं. शेरा लिहायच्या जागी तर सगळ्यांनी जणू ठरवून एकच लिहिलं होतं: ‘आमचं उत्तम चाललंय. खऱ्या गरजूंना द्यावं.’ दोन्ही कॉलन्यांत सगळ्यांना गरजूंची काळजी, आणि गरजू मात्र एकही सापडेना! बापटकाकांचं उत्तरही तेच. नाही. खाली शेरा: ‘उपक्रम स्तुत्य आहे.’

दाणीसाहेब म्हणाले, “वहिनी, आकडे तुमचेच. सोमवारी संध्याकाळच्या बैठकीत एसीचं पक्कं करून टाकू.” मी काय बोलणार? प्रश्न माझा, नियम माझे, मुग्धा माझी. यांनी घरी फक्त एवढंच विचारलं, “म्हणजे आता बापटसाहेब एसी खाणार का?” मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

रविवारी मंडळाचं सहभोजन होतं. टेबलखुर्च्यांची पंगत, मसालेभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड-पुरी. वाढायला सुनाबाळा होत्या, त्यात मुग्धाही. बापटकाका आमच्या समोरच्या रांगेत बसले होते. मुग्धा श्रीखंडाचं पातेलं घेऊन त्यांच्यापाशी आली.

“काका, श्रीखंड?”

“नको, नको,” काका म्हणाले आणि त्यांनी ताटावर हात आडवा धरला. बोटं चांगली फाकलेली होती.

“ओके काका,” मुग्धा म्हणाली आणि पुढे गेली.

काकांचा हात तसाच राहिला. पातेलं रांगेच्या टोकापर्यंत जाईस्तोवर ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी हात काढून घेतला आणि मसालेभात कालवायला लागले. मसालेभात कधी कोणी कालवतं का?

माझ्या शेजारी हे बसले होते. ते हळूच म्हणाले, “ट्रेनिंग फर्स्ट क्लास झालंय हो. एकदाच विचारलं, चेहरा कोरा, पुढे गेली.” त्यांनी गंमत केली होती. मी मात्र हातातली पुरी ताटात ठेवली.

अगं बाई, मी म्हटलं, हे मी काय करून बसले! आपल्या घरांत पहिलं ‘नको’ हे उत्तर असतं का कधी? ते तर नुसतं बोलण्याची सुरुवात असते. कुणी लाडू पुढे केला की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा “अहो, खरंच नको” म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा “बरं, अर्धाच” म्हणून अख्खा घ्यायचा. लहानपणी मी एकदा दुसऱ्यांच्या घरी पहिल्याच झटक्याला ‘हो’ म्हणाले होते, तर आईने टेबलाखालून असा चिमटा काढला होता की लाडू गोड लागेना. हे ज्याला कळत नाही असा मराठी माणूस नाही. आणि मी, प्रश्नांची तज्ज्ञ म्हणवून घेणारी, पहिलं ‘नको’ मोजून मोकळी झाले होते. वर डब्याला ‘गरज’ म्हटलं. बापटकाकांसारख्या माणसाला कुणाच्या तरी सुनेसमोर उभं राहून ‘हो, मला गरज आहे’ म्हणायला लावायचं, आणि तेही पहिल्या फटक्यात! माझी मलाच लाज वाटली.

मी उठले, मुग्धाच्या हातातलं पातेलं घेतलं आणि काकांसमोर उभी राहिले.

“काका, थोडंसं.”

“नको गं, झालंय माझं.”

“घरी लावलेल्या चक्क्याचं आहे. चमचाभर.”

“अगं, नको म्हटलं ना.” हात ताटावर होता, पण आता बाजूला सरकत होता. मी चांगले दोन डाव वाढले. काकांनी ते संपवेपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाले, “बरं झालंय हो.”

सोमवारी सकाळी मी मुग्धाला घेऊन काकांकडे गेले. संध्याकाळी बैठक होती. पण अंगात भिनलेली विद्या जाते कुठे? रात्रीतून मी नवा, पहिल्यापेक्षा हुशार प्रश्न तयार केला होता. मत विचारू नये, घडलेलं विचारावं, हाही आमच्या धंद्यातला नियमच. मुग्धा मोबाइल उघडून बसली.

“काका, काल रात्री काय जेवलात?”

“काल? जेवलो की.”

“काय?”

“पोहे केले.”

“परवा?”

“पोहेच होते बहुतेक. मला आवडतात.”

“आणि त्याच्या आदल्या रात्री?”

काका मुग्धाच्या मोबाइलकडे बघून म्हणाले, “लिही शैला. म्हातारा पोहे आणि बिस्किटांवर जगतो म्हणून लिही. मंडळात वाचून दाखव.”

प्रश्न उत्तम होता. उत्तर खरं होतं. आणि माझ्या नवऱ्याच्या पहिल्या साहेबांना मी त्यांच्याच घरात मान खाली घालायला लावली होती. मला रडूच आलं. मी मुग्धाला म्हटलं, “बंद कर तो फोन.”

मग मी तज्ज्ञपणा सोडला आणि आपली नेहमीची शैला झाले.

“काका, डबा सुरू करतोय आम्ही. तुमच्याकडे येणार.”

“मला कशाला? नको.”

“येणार. स्वयंपाकघर चालायचं तर डबे जास्त लागतात. तुम्ही नाही म्हणालात तर बाकीचेही नाही म्हणतात. कारखान्यातही असंच होतं ना?”

“नको गं, उगाच माझ्यासाठी नको.”

“तुमच्यासाठी नाहीच मुळी. तुम्ही घेतलात तर त्या ऐकू न येणाऱ्या आजींना मिळेल.”

“म्हणजे दुसऱ्यांची सोय म्हणून?”

“हो.”

काकांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, “भाजीत मिरची कमी घालायला सांग.”

बाहेर आल्यावर मुग्धाने विचारलं, “काकू, पण आता भरू क्या? नको, नको, दुसऱ्यांची सोय, मिरची कमी. ऑप्शनच नाहीये.” मी म्हटलं, बाई गं, ऑप्शन मीच लिहिले होते, मला काय विचारतेस.

त्या दुपारी आम्ही दोघी सगळ्या घरांत पुन्हा फिरलो. नवा प्रश्न मी रस्त्यात चालता चालता केला: ‘डबा सुरू होतोय. तुम्हाला त्यात काय काय नको?’ असला प्रश्न ऑफिसात कुणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी तो फाडून टाकला असता. डबा हवाय हे आधीच गृहीत धरून विचारणं म्हणजे आमच्याकडे महापाप. पण आमच्या लोकांना नको म्हणायला आवडतं ना, मग म्हणू द्या की पोटभर! आणि काय नको नको सुटले. कारलं नको. गुरुवारी कांदा नको. पोळी जाड नको. इथली फोडणीची डाळ नको, आपलं साधं वरण असू दे. ऐकू न येणाऱ्या आजींना मुग्धाने कानाशी जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, “डबा उशिरा नको. मला साडेबाराला भूक लागते.” एकानेही गरजूंचं नाव काढलं नाही.

बैठकीत दाणीसाहेबांनी ते सगळं वाचलं आणि चष्मा काढला. “वहिनी, याले सर्व्हे म्हणतात काय?”

“नाही,” मी म्हटलं. “आग्रह म्हणतात.”

“तुमच्या सायन्समध्ये बसते हे?”

“अजिबात नाही.”

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, “माझी बायको नागपूरले गेली की माझे हाल होतात. माझंही एक नाव लिहून ठेवा. वांगं नको.” एसीवाल्यांनी पंख्याकडे बघून सुस्कारे सोडले, पण डबा मंजूर झाला.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. माझ्या नोकरीत किती जणांनी “नहीं मैडम, अपन को क्या चाहिए, सब बढ़िया है” म्हटलं असेल, आणि आम्ही कोऱ्या चेहऱ्याने ‘नाही’ लिहून पुढच्या दाराशी गेलो असू. त्यांतले काही खरंच सुखी असतील. काही जण आमच्या पाठीकडे बघत उभे राहिले असतील, काका पातेल्याकडे बघत होते तसे. आता कुठे शोधायचं त्यांना? याचं वाईट वाटतं.

डबा सुरू झाल्यावर एकदा दुपारी मी काकांकडे डोकावले. टेबलावर डबा उघडलेला होता. काकांनी फडताळातून काचेच्या चांगल्या ताटल्या काढल्या होत्या, पाहुण्यांसाठीच्या. एक स्वतःपुढे घेतली होती आणि दुसरी मला बघून पुढे सरकवली.

“बस.”

“नको काका, मी जेवून आलेय.” अगदी खरं होतं, हे साक्षीला आहेत.

“असेल. अर्धी पोळी घे.”

“नको हो, खरंच.”

तोवर पोळी ताटलीत पडली होती. काका उभं राहून वरण वाढायला लागले. थोडं टेबलावर सांडलं, पण त्यांनी डाव मला घेऊ दिला नाही. “ही गेल्यापासून या घरात कुणाला वाढायला काही नव्हतं गं,” ते म्हणाले. “आता आहे. नको म्हणू नकोस.”

माझे डोळे भरून आले. मी मुकाट्याने बसले आणि पोळी मोडली. वरण अळणी होतं. मी ते दुसऱ्यांदा मागून घेतलं.